कादंबरी : एका नांवाची अद्भुत कथा

भूगोलाच्या पुस्तकाआड दुसरें एखादें पुस्तक ठेवून तें वाचण्यांत गढून गेलेला विद्यार्थी ज्या शाळेंत नाहीं, अशी शाळा शोधून सांपडावयाची नाहीं. तें दुसरें पुस्तक बहुतकरून कादंबरी असतें. आणि तेराव्या-चौदाव्या वर्षीं मुलामुलींस जी कादंबरी विशेष गोड लागते तिच्यांत दोन गोष्टी हटकून असतात, एक अद्भुत आणि दुसरी प्रीति. नायिका आपल्यासारखीच एक साधी मुलगी असते. नायक मात्र मनुष्यकोटींतील नसतो. तो कोणी शापित राजपुत्र असतो, कोणी गंधर्व असतो, किंवा मरणाच्या दारांतून परत आलेला कोणी असतो. असें पुस्तक मुलाच्या हातीं दिसलें म्हणजे वडील माणसें कपाळास आठ्या घालतात, आणि मूल तें पुस्तक अधिकच खोल दडवितें. यांत दोन्ही पक्षांचा तोटा होतो, असें आम्हांस वाटतें. म्हणून हा ग्रंथप्रकार मूळचा कोठला, त्याची घडण कशी असते, कोवळ्या वयास तो कां रुचतो आणि तो कसा वाचावा, याचा विचार विद्यार्थी व त्यांचे पालक या उभयतांसमोर मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे.

हल्लीं इंग्रजींत अशा पुस्तकांची एक स्वतंत्र जातच झाली असून तीस ‘यंग ॲडल्ट पॅरानॉर्मल रोमान्स’ असें म्हणतात. मराठींत तीस किशोरवयीनांची अद्भुत प्रेमकथा म्हणतां येईल. या जातीचें सर्वांत गाजलेलें पुस्तक म्हणजे स्टेफनी मेयर या अमेरिकन लेखिकेची ‘ट्वायलाइट’ ही कादंबरी. ती २००५ सालीं प्रसिद्ध झाली व २००८ सालापर्यंत या कथामालेचे एकंदर चार भाग निघाले. फोर्क्स नांवाच्या पावसाळी गांवीं वडिलांकडे राहावयास आलेली बेला ही सतरा वर्षांची मुलगी आणि तिच्याच शाळेंत शिकणारा एडवर्ड यांची ती कथा आहे. एडवर्ड दिसावयास सतरा वर्षांचा; परंतु त्याचा जन्म १९०१ सालचा, कारण तो रक्त पिणारें पिशाच आहे. त्याच्या घरच्या मंडळींनीं मनुष्याचें रक्त न पिण्याचा नेम केला असून जनावरांच्या रक्तावर ती मंडळी निर्वाह करितात. आपल्या प्रीतीच्या माणसाचें आपल्याच हातून वाईट होऊं नये म्हणून त्यानें स्वतःस आवरून धरावें, हा त्या कथेंतील मुख्य ताण आहे.

हें वाचून ‘हीं सारीं परदेशचीं थेरें आहेत’ असें कोणी म्हणेल, तर त्यानें आधीं आपल्याच भाषेंतील एका शब्दाकडे पाहावें. इंग्रजींत ज्यास नॉव्हेल म्हणतात त्यास हिंदी व बंगाली लोक ‘उपन्यास’ म्हणतात, गुजराती लोक ‘नवलकथा’ म्हणतात. आपण मराठी लोक मात्र ‘कादंबरी’ म्हणतों, आणि आपले शेजारी कानडी लोकही तसेंच म्हणतात. हा शब्द आला कोठून ? तो एका मुलीच्या नांवावरून आला. सातव्या शतकाच्या पूर्वार्धांत सम्राट् हर्षाच्या आश्रयास असलेल्या बाणभट्ट या कवीनें संस्कृत गद्यांत एक दीर्घ कथा लिहिली. तिच्या गंधर्वकुळांतील नायिकेचें नांव कादंबरी. तेंच नांव ग्रंथास मिळालें, आणि पुढें मराठींत त्या एका ग्रंथाचें नांव साऱ्या ग्रंथजातीस पडलें. गंमत अशी, कीं बाणाची ही ‘कादंबरी’ म्हणजे तरुण जिवांची अद्भुत प्रेमकथाच आहे. भूगोलाच्या पुस्तकाआड जें पुस्तक लपविलें जातें, त्याच्या मूळपुरुषाचें नांव आपण नकळत रोज घेत असतों.

ती कथा थोडक्यांत अशी आहे. विदिशेच्या शूद्रक राजाच्या सभेंत एक चांडालकन्या सोन्याच्या पिंजऱ्यांत एक पोपट घेऊन येते. तो पोपट मनुष्यासारखा बोलतो आणि आपली हकीकत सांगूं लागतो. तो पिल्लू असतांना शिकाऱ्यांनीं त्याच्या बापास मारिलें. एका ऋषिकुमारानें त्यास उचलून जाबालि मुनींच्या आश्रमांत नेलें. तेथें त्या मुनींनीं त्याच्या पूर्वजन्माची गोष्ट सांगितली. अशा रीतीनें गोष्टीच्या पोटांत गोष्ट आणि तिच्याही पोटांत आणखी गोष्ट निघत जाते.

मुनींच्या गोष्टींतील नायक उज्जयिनीचा राजपुत्र चंद्रापीड. तो एका किन्नरांच्या जोडप्याचा पाठलाग करितां करितां वाट चुकतो व अच्छोद नांवाच्या सरोवरावर येऊन पोहोंचतो. तेथें शिवालयांत वीणा वाजवीत बसलेली महाश्वेता नांवाची एक तपस्विनी त्यास दिसते. एवढ्या लहान वयांत वैराग्य कां, असें त्यानें विचारितां ती आपलें दुःख सांगते. एके दिवशीं आईबरोबर या सरोवरावर ती स्नानास आली असतां पुंडरीक नांवाचा एक तरुण तपस्वी तिच्या दृष्टीस पडला. त्याच्या कानावर स्वर्गीय फुलांची मंजरी होती. ती त्यानें तिच्या कानावर ठेविली, आणि त्या वेळीं हातांतील जपमाळ गळून पडली याचेंही त्यास भान राहिलें नाहीं. पुढें त्यानें जपमाळ परत मागितली, तेव्हां तिनें चुकून आपल्या गळ्यांतील हार त्याच्या हातीं दिला. आणि त्यानेंही तो न पाहतांच घेतला! पहिल्या प्रीतीचा वेंधळेपणा इतक्या थोडक्या खुणांनीं दाखविणारा प्रसंग आमच्या वाचनांत दुसरा आलेला नाहीं. पुंडरीकाचा मित्र कपिंजल याला हें मुळींच आवडलें नाहीं. त्यानें मित्राची चांगली कानउघाडणी केली. पण विरहानें पुंडरीक इतका झिजला, कीं महाश्वेता रात्रीं त्याच्याकडे धांवत गेली तेव्हां त्याचे प्राण गेलेले होते. ती सती जाणार, इतक्यांत चंद्रबिंबांतून एक दिव्य पुरुष उतरला, त्यानें तो देह उचलला आणि ‘तुमची पुन्हां भेट होईल’ असें सांगून तो आकाशांत निघून गेला. तेव्हांपासून ती वाट पाहत आहे.

या महाश्वेतेची जिवलग मैत्रीण कादंबरी. मैत्रीण दुःखांत असतांना आपण लग्न करावयाचें नाहीं, असा तिनें पण केला आहे. चंद्रापीडाची व तिची भेट होते, दोघांचीं मनें जुळतात. पण तितक्यांत वडिलांचा निरोप येऊन राजपुत्रास उज्जयिनीस परतावें लागतें. येथवर लिहून होतें न होतें तोंच बाणभट्ट वारला. त्याच्या मुलानें ती अपुरी कथा पुरी केली. पुढील भागांत चंद्रापीडाचा मित्र वैशंपायन महाश्वेतेचा पिच्छा पुरवितो व तिच्या शापानें पोपट होतो. मित्राच्या मरणाची वार्ता ऐकून चंद्रापीडाचें हृदय फुटतें. परंतु त्याचा देह नासत नाहीं, आणि कादंबरी त्या देहाची राखण करीत बसते. शेवटीं उलगडा होतो. चंद्रापीड हा पृथ्वीवर जन्मलेला चंद्रच. तोच पुढें शूद्रक राजा झाला. पुंडरीक हाच वैशंपायन झाला व तोच पोपट. आणि पिंजरा घेऊन आलेली चांडालकन्या म्हणजे त्याची आई, प्रत्यक्ष लक्ष्मी. मरतांना पुंडरीकानें चंद्रास शाप दिला होता व चंद्रानें उलट त्यास दिला होता. ते शाप फिटतात, मेलेले उठतात, आणि दोन्ही जोडप्यांचें मीलन होतें.

बाणाच्याही मागें गेलों तर ही वाट थेट आमच्या मराठवाड्यांत येऊन पोहोंचते. या कथेचें बीज गुणाढ्याच्या ‘बृहत्कथा’ या लुप्त ग्रंथांतील असल्याचें विद्वान् मानितात. हिंगोली जिल्ह्याच्या दक्षिण भागांतून वाहणारी पूर्णा नदी ज्या गोदावरीस मिळते, त्याच गोदावरीच्या तीरीं पैठण, म्हणजे पूर्वींचें प्रतिष्ठान, ही सातवाहनांची राजधानी होती. गुणाढ्य हा सातवाहन राजाच्या दरबारीं होता, अशी आख्यायिका अकराव्या शतकांत काश्मीरच्या सोमदेवानें ‘कथासरित्सागरां’त दिली आहे. राजा राण्यांसह जलक्रीडा करीत असतां एक राणी म्हणाली, ‘मोदकैः’. म्हणजे पाण्यानें मारूं नका. राजाचें संस्कृत कच्चें. त्यानें लाडू आणविले! सर्व राण्या हंसल्या, आणि राजा लाजेनें अंथरुणास खिळला. त्यास व्याकरण शिकविण्यास सहा वर्षें लागतील असें गुणाढ्य म्हणाला. दुसरा पंडित शर्ववर्मा म्हणाला, कीं सहा महिने पुरेत. गुणाढ्यानें पैज लाविली, कीं हें साधल्यास मी संस्कृत, प्राकृत आणि देशभाषा तिन्ही सोडीन. शर्ववर्म्यानें तें साधिलें. तेव्हां गुणाढ्य विंध्याच्या रानांत गेला, तेथें पिशाचांची भाषा शिकला, आणि शाई नव्हती म्हणून स्वतःच्या रक्तानें सात लक्ष श्लोकांची कथा त्यानें लिहिली. राजानें ती पिशाचांची भाषा म्हणून झिडकारली. मग गुणाढ्य अग्नि पेटवून एकेक पान वाची व आगींत टाकी. रानांतील हरणें, डुकरें व पक्षी चारा विसरून डोळ्यांत पाणी आणून ऐकत बसत. राजाच्या ताटांतील मांस रोडावलें तेव्हां त्यास कारण कळलें. तो धांवत आला. परंतु तोंवर एकच लक्ष श्लोक उरले होते.

ही आख्यायिका इतिहास म्हणून घेण्याची नाहीं. पण तिच्यांतील मर्म खरें आहे. ज्या कथेस विद्वानांच्या सभेनें ‘पिशाचांची’ म्हणून हांकून दिलें, तिच्यापायीं रानचे मुके जीव खाणेंपिणें विसरले. वेताळाच्या पंचवीस गोष्टीही त्याच ‘कथासरित्सागरां’त आहेत. आजीच्या तोंडून वेताळाची गोष्ट ऐकणारें मूल आणि ‘ट्वायलाइट’ वाचणारी मुलगी यांचें नातें आपणांस वाटतें तितकें दूरचें नाहीं.

आतां या प्रकाराची घडण पाहूं. अशा प्रत्येक कथेंत दोन लोक असतात. एक आपला, नेहमींचा. दुसरा त्यास लागून असलेला पण न दिसणारा. त्या दोहोंच्या मध्यें एक सीमा असते, आणि नायक किंवा नायिका ती ओलांडते. दुसऱ्या लोकाचा एखादा कडक नियम असतो. ‘कादंबरीं’त तो शापाचा आहे, ‘ट्वायलाइट’मध्यें रक्ताचा आहे. तो मोडला तर किंमत द्यावी लागते. शिवाय एक गुपित असतें, तें फोडावें कीं राखावें हा पेंच असतो, आणि शेवटीं कोणास तरी कांहीं निवडावें लागतें. चांगल्या लेखकाची परीक्षा येथेंच होते. अद्भुत स्वस्त झालें, म्हणजे वाटेल तेव्हां मंत्र म्हणून संकट टळूं लागलें, कीं कथेंतील जीव गेलाच. कादंबरीनें त्या निश्चल देहापाशीं बसून काढिलेले दिवस खरे वाटतात, म्हणूनच शेवटींचा चमत्कार गोड लागतो.

मराठी कादंबरीनेंही बालपणीं हीच वाट धरिली होती. १८५७ सालीं बाबा पदमनजी यांनीं ‘यमुनापर्यटन’ लिहून विधवांच्या हालांचें खरें चित्र काढिलें. परंतु पुढील काळांत लोकांस वेड लागलें तें लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांची ‘मुक्तामाला’ (१८६१), नारो सदाशिव रिसबूड यांची ‘मंजुघोषा’ (१८६८) अशा अद्भुतरम्य कथांचें. हरि नारायण आपटे यांची ‘पण लक्षांत कोण घेतो ?’ ही कादंबरी १८९० सालीं ‘करमणूक’ पत्रांतून येऊं लागली, तेव्हां मराठी वाचकास शेजारच्या घरांतील यमूचें दुःख दिसलें. तरीही अद्भुताची तहान भागली नाहीं. १९१३ सालीं नाथमाधवांच्या ‘वीरधवल’ कादंबरीनें त्या काळच्या तरुणांची झोंप उडविली. नाथमाधव, म्हणजे द्वारकानाथ माधव पितळे, हे कड्यावरून पडून कमरेखालीं लुळे झाले होते. अंथरुणास खिळलेल्या त्या माणसानें तरुण वाचकांस दऱ्याडोंगर हिंडवून आणिलें. पुढें नारायण धारप यांनीं भयकथेचें दालन भरून काढिलें, आणि भा. रा. भागवतांच्या ‘फास्टर फेणे’नें मुलांस साहसें दिलीं. परंतु बारा ते पंधरा वर्षांच्या वाचकांसाठीं अद्भुत आणि निर्मळ प्रीति एकत्र आणणारीं पुस्तकें मराठींत विरळा. म्हणूनच आमचीं मुलें परभाषेंतील पुस्तकें वाचतात, किंवा मोठ्यांसाठीं लिहिलेलीं पुस्तकें चोरून वाचतात.

या वयास अशा कथा कां आवडाव्या, याचें कारण दूर शोधावयास नको. तेराव्या वर्षीं स्वतःचेंच शरीर अनोळखी होतें. आवाज फुटतो, उंची वाढते, कालचा खेळगडी आज निराळा भासतो, उगीच रडूं येतें, उगीच राग येतो. या बदलास त्या वयाजवळ शब्द नसतात. दिवसा मनुष्य व रात्रीं लांडगा होणाऱ्या नायकाची गोष्ट वाचतांना मूल स्वतःचीच गोष्ट वाचत असतें. आपल्या मनांत हें काय चाललें आहे, हें भय कीं ओढ, असें मोठ्यांस विचारण्याची सोय नसते. पुस्तकास मात्र तें विचारतां येतें, आणि पुस्तक कोणास सांगत नाहीं.

तथापि या वाचनांत दोन खड्डे आहेत, तेही उघड सांगितले पाहिजेत. पहिला अद्भुताचा. मराठवाड्यांत भानामतीचें नांव कोणास ठाऊक नाहीं ? कपडे आपोआप पेटतात, अन्नांत घाण पडते, आणि मग एखाद्या एकट्या-दुकट्या बाईवर आळ येऊन तिचे हाल होतात. अशा प्रकारांचा नीट शोध केला असतां त्यांमागें मनुष्याचाच हात, पुष्कळदां घरांतील एखादा दुखावलेला जीव, आढळून आला आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनीं या अंधश्रद्धेविरुद्ध आयुष्य वेंचिलें. २० ऑगस्ट २०१३ रोजीं पुण्यास त्यांचा खून झाला, व त्याच वर्षीं महाराष्ट्रांत जादूटोणाविरोधी कायदा झाला. पुस्तकांतील पिशाच हें रूपक आहे. शेजारणीस चेटकीण म्हणणें हा गुन्हा आहे. या दोहोंतील भेद ज्यास कळला त्यानें खुशाल भुताच्या गोष्टी वाचाव्या. आपल्या जिल्ह्यांतीलच आख्यायिका पाहा. नरसीचे संत नामदेव औंढ्याच्या नागनाथापुढें कीर्तन करीत असतां त्यांस मागें जाण्यास सांगितलें, आणि देऊळच फिरून त्यांच्या समोर आलें, असें लोक सांगतात. दगडी देऊळ फिरलें काय, हा त्या कथेचा प्रश्न नव्हे. ज्यास मागें ढकललें त्याच्याकडे देवानें तोंड केलें, हा तिचा अर्थ आहे. अद्भुत वाचावयाचें तें असें.

दुसरा खड्डा प्रीतीचा. ‘ट्वायलाइट’मधील नायक रात्रीं नायिकेच्या खोलींत तिच्या नकळत शिरतो व ती निजली असतां तिच्याकडे पाहत बसतो. कथेंत तें गोड वाटेल. परंतु प्रत्यक्षांत कोणी असें केलें तर तें प्रेम नव्हे, आणि तें तत्काळ आईवडिलांस किंवा शिक्षकांस सांगितलें पाहिजे. बाणाच्या कथेनें या बाबतींत अधिक सावधपणा दाखविला आहे. महाश्वेता नको म्हणत असतां वैशंपायन हट्ट धरितो, तेव्हां कथा त्यास नायक करीत नाहीं; पोपट करिते. तसेंच कथेंतील तरुण एका दृष्टिक्षेपांत जन्माच्या गांठी बांधतात, म्हणून चौदाव्या वर्षीं तशा गांठी बांधावयाच्या नसतात. आमच्या भागांत अजूनही कांहीं मुलींचीं लग्नें शाळा सोडवून कोवळ्या वयांत लाविलीं जातात. २००६ सालच्या कायद्यानें मुलीस अठरा व मुलास एकवीस वर्षें पुरीं झाल्यावांचून विवाहास मनाई आहे. ज्या घरीं मुलीच्या हातांतील प्रेमकथेचा धाक वाटतो व त्याच धाकानें तिचें लग्न लवकर उरकलें जातें, त्या घरानें दोष पुस्तकाच्या माथीं मारूं नये. मुलीनें कादंबरी वाचिली म्हणून तिचें आयुष्य बिघडत नाहीं. तिची शाळा सुटली म्हणजे बिघडतें.

बाणभट्टानें आपल्या ग्रंथांत या साऱ्यावर तोडगाही घालून ठेविला आहे. चंद्रापीडास यौवराज्याभिषेक व्हावयाचा असतो, तेव्हां वृद्ध मंत्री शुकनास त्यास उपदेश करितो. तारुण्यांतून उपजणारा अंधार सूर्याच्या किंवा दिव्याच्या उजेडानें जात नाहीं, आणि संपत्तीची धुंदी ओसरतां ओसरत नाहीं, असा त्याचा आशय आहे. हा ‘शुकनासोपदेश’ आजही संस्कृताच्या अभ्यासांत नेमला जातो. ध्यानांत ठेवण्याजोगी गोष्ट ही, कीं शुकनासानें राजपुत्रास घरांत कोंडलें नाहीं. त्यानें त्यास सर्व सांगितलें आणि मग घोड्यावर बसून जाऊं दिलें.

पालकांस आमची विनंती एवढीच, कीं त्यांनीं शुकनास व्हावें. मुलाच्या हातचें पुस्तक हिसकावण्यापूर्वीं त्याचीं दहा पानें स्वतः वाचावीं, आणि जेवतांना विचारावें, कीं पुढें काय झालें ? नायिकेनें जें केलें तें तुला बरोबर वाटलें काय ? जें मूल हें उत्तर मोकळेपणीं देतें, त्यास चोरून वाचावें लागत नाहीं. विद्यार्थ्यांस आमचें सांगणें असें, कीं अद्भुत प्रेमकथा अवश्य वाचा. पण कपिंजलासारखा एक मित्र जवळ ठेवा, जो तुमची चूक तुमच्या तोंडावर सांगेल. आणि कादंबरीसारखी मैत्रीण व्हा, जी स्वतःच्या सुखाआधीं मैत्रिणीचे डोळे पुसते.

राहतां राहिलें भूगोलाचें पुस्तक. तें आधीं वाचून संपवावें. विदिशा, उज्जयिनी, विंध्य, गोदावरी आणि पैठण हीं सारीं त्याच पुस्तकाच्या नकाशावर आहेत. तीं एकदां नीट पाहून ठेविलीं, म्हणजे दुसरें पुस्तक वाचतांना वाट चुकत नाहीं.